जुन्या पाटीवर नवा श्रीगणेशा

पाटीचे आणि विद्यार्थ्याचे नाते फार जुने आहे. दगडी पाटीवर पेन्सिलीने अक्षर गिरवावे, चुकले तर ओल्या फडक्याने पुसावे आणि पुन्हा गिरवावे, अशा रीतीने महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी आपला श्रीगणेशा केला. पुढे वही आली, टंकयंत्र आले आणि त्यांच्या मागोमाग संगणकही आला. संगणकाने लिहिण्याचा वेग वाढविला खरा. परंतु हाताने अक्षर काढण्यातील आनंद कळफलकाच्या बटणांत उरला नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी एक निराळ्या घडणीचा संगणक निर्माण झाला. उघडला म्हणजे तो नेहमीसारखा लॅपटॉप असतो. पण त्याचा पडदा फिरवून कळफलकावर आडवा टाकला की त्याची पाटी होते. असे रूप पालटणाऱ्या ह्या संगणकास ‘कन्व्हर्टिबल’ असे म्हणतात.

लेनोव्हो कंपनीने २०११ साली बाजारात आणलेला ‘थिंकपॅड एक्स-२२० टॅब्लेट’ हा ह्याच जातीचा संगणक होय. त्याचा साडेबारा इंचांचा पडदा मधोमध असलेल्या एकाच बिजागरीवर फिरतो. यंत्राच्याच अंगातील एका खाचेत त्याची लेखणी ठेवलेली असते. ह्या लेखणीत शाई नसते आणि बॅटरीही नसते. पडद्याच्या मागे बसविलेली एक पट्टी मंद विद्युत्-चुंबकीय लहरी सोडीत असते. लेखणी जवळ आली की तिच्यातील तारेचे वेटोळे त्या लहरींना प्रतिसाद देते, आणि त्या प्रतिसादावरून लेखणी कोठे टेकली आहे व तिच्यावर किती जोर पडला आहे, हे संगणकास कळते. हलका हात असेल तर रेघ बारीक उमटते. जोर दिला तर ती जाड होते. बोरूने लिहिणाऱ्यास जे साधत असे, तेच येथे विजेच्या साहाय्याने साधले आहे.

अशा चांगल्या यंत्रावरही एक वेळ वाईट येते. यंत्र झिजलेले नसते, पडदा स्वच्छ असतो, लेखणीही चालत असते. परंतु त्याच्या आत जो कारभार चालतो, तो जुना झालेला असतो. हा संगणक बाजारात आला, तेव्हा त्यावर ‘विंडोज ७’ ही प्रणाली असे. तिच्यातील सुरक्षिततेचे दोष दुरुस्त करण्याचे काम १४ जानेवारी २०२० रोजी थांबले. तिच्या जागी ‘विंडोज १०’ घेता येत होती. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचेही सर्वसाधारण साहाय्य संपले. तिच्यापुढची ‘विंडोज ११’ एवढ्या जुन्या यंत्रांस आपल्या दारात उभे करीत नाही. कारण तिला विशिष्ट काळानंतरचे प्रोसेसर आणि सुरक्षेची एक विशिष्ट चकती, म्हणजे चिप, आवश्यक असते. रखवालदार निघून गेलेल्या वाड्यासारखी ह्या यंत्राची स्थिती होते. वाडा धडधाकट उभा असतो. पण रात्री दार कोण लावणार, असा प्रश्न असतो.

समजा, असा एक संगणक मामाने आपल्या आठवीतील भाचीस दिला. नवा घेण्याची घरची ऐपत नाही. तिला चित्रे काढण्याची आवड आहे, आणि गणिताच्या आकृत्या कळफलकावर काढता येत नाहीत, ही तिची नित्याची तक्रार आहे. यंत्र तर तिच्या मनासारखे मिळाले. पण त्यातील प्रणाली असुरक्षित आहे. अशा यंत्रावरून कोणी बँकेचा व्यवहार केला, किंवा आपला परवलीचा शब्द त्यात टाकला, तर तो चोराच्या हाती लागण्याचा संभव असतो. मग ते भंगारात टाकावयाचे काय? शिसे, तांबे आणि अनेक दुर्मिळ धातू ज्यात गुंतलेले आहेत, असे चालते यंत्र केवळ कारभारी म्हातारा झाला म्हणून उकिरड्यावर टाकणे हा अविचार ठरेल. यंत्र तेच ठेवून कारभारी बदलणे, हा ह्यावरील मार्ग आहे.

कारभारी हा शब्द येथे सहज आलेला नाही. संगणकात प्रोसेसर असतो, स्मृती असते, साठवणीची डिस्क असते, पडदा, कळफलक, लेखणी ही इंद्रिये असतात. ह्यांपैकी कोणीही एकमेकांशी परस्पर बोलू शकत नाही. कोणत्या कार्यक्रमास किती स्मृती द्यावयाची, कोणती फाईल डिस्कवर कोठे ठेवावयाची, लेखणीने केलेली खूण कोणाकडे पोचवावयाची, हे सारे ठरविणारा एक कार्यक्रम-समूह असावा लागतो. त्यालाच ‘ऑपरेटिंग सिस्टीम’ किंवा कार्यप्रणाली असे म्हणतात. मोठ्या वाड्यात धान्याच्या कोठीपासून पाहुण्यांच्या पानापर्यंत सर्व गोष्टींवर नजर ठेवणारा जो कारभारी असतो, त्याचेच काम ती करते.

कार्यप्रणाली दोन प्रकारच्या असतात. काहींची आतील रचना त्यांच्या मालकांवाचून कोणास पाहता येत नाही. दुसऱ्या प्रकारच्या प्रणाली मुक्तस्रोत असतात. त्यांची मूळ संहिता, म्हणजे ज्या आज्ञांनी त्या घडल्या आहेत त्या आज्ञा, कोणालाही वाचता येतात. ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे दोन शब्द मराठीत वेगळे आहेत, ही भाग्याची गोष्ट होय. इंग्रजीत दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे तेथे ह्या बाबतीत पुष्कळ गोंधळ होतो. मुक्त प्रणाली बहुधा मोफत मिळते. परंतु तिचे खरे मोल तिच्या फुकटेपणात नसून तिच्या मोकळेपणात आहे. ती कोणत्याही कामासाठी वापरावी, तिचा अभ्यास करावा, तिची प्रत दुसऱ्यास द्यावी, आणि तिच्यात सुधारणा करून ती सुधारणाही इतरांस द्यावी, असे चार अधिकार वापरणाऱ्यास मिळतात.

हा विचार अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी मांडला. १९८३ साली त्यांनी ‘ग्नू’ नावाची मुक्त प्रणाली घडविण्याचा संकल्प जाहीर केला, आणि १९८९ साली हे चार अधिकार अबाधित ठेवणारा एक परवाना सिद्ध केला. त्यांच्या प्रणालीची बहुतेक अंगे तयार झाली. पण तिचा गाभा अपुरा राहिला होता. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लायनस टॉरवाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने असा एक गाभा स्वतंत्रपणे लिहावयास घेतला. केवळ छंद म्हणून आरंभलेल्या त्या कामास पुढे ‘लिनक्स’ हे नाव मिळाले, आणि १९९२ साली ते स्टॉलमन ह्यांच्या परवान्याखाली आले. मग जगभरातून हजारो हात त्या कामास लागले. आज अँड्रॉइड फोनच्या आतही लिनक्सचाच गाभा असतो. जगातील सर्वांत शक्तिमान अशा ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालत आलेला आहे. हा गाभा आणि त्याच्या भोवतीचे उपयुक्त कार्यक्रम एकत्र बांधून जे संच दिले जातात, त्यांत १९९३ साली इयन मर्डॉक ह्यांनी सुरू केलेला ‘डेबियन’ हा संच जुना व भरवशाचा मानला जातो. आपल्या देशात सी-डॅक ह्या शासकीय संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे, आणि केरळ राज्यातील शाळांतून मुले मुक्त प्रणालीवरच संगणक शिकतात.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळावयास हरकत नाही. तथापि पहिली पायरी नव्या प्रणालीची नसून जुन्या ठेव्याची आहे. घर बदलताना आधी देव्हारा, कागदपत्रे आणि दागिने हलवितात, भिंतींना रंग मागाहून लावतात. त्याचप्रमाणे यंत्रातील छायाचित्रे, पत्रे, हिशेब आणि अभ्यासाची टिपणे प्रथम दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. आणि ती तेथे उघडतात की नाही, हेही पाहावे. प्रत घेतली, पण ती उघडून पाहिली नाही, म्हणून पुढे पस्तावलेली माणसे थोडी नाहीत. यंत्र नव्या पिढीचे असेल आणि त्याची डिस्क कुलूपबंद केलेली असेल, तर त्या कुलपाची किल्ली, म्हणजे अंकांची लांबलचक मालिका, आधीच लिहून ठेवावी. ती हरवली तर आतील ठेवा कायमचा हरवला असे समजावे.

दुसरी पायरी प्रणालीची प्रत मिळविण्याची. डेबियनची प्रत इंटरनेटवरून उतरवून घेता येते. ती एकाच मोठ्या फाईलच्या रूपात असते, आणि ‘रुफस’सारख्या एखाद्या साधनाने ती पेनड्राइव्हवर लिहावी लागते. ह्यासाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो; मात्र त्यावर जे काही आधी असेल ते पुसले जाते, हे विसरू नये. प्रत लिहिण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. डेबियनची मंडळी प्रत्येक फाईलबरोबर तिची एक खूणही प्रसिद्ध करतात. ६४ अक्षरांकांची ही खूण गणिताच्या एका रीतीने त्या फाईलवरूनच काढलेली असते. फाईलमध्ये एखादे अक्षर जरी बदलले, तरी खूण पूर्णपणे पालटते. आपल्या हाती आलेल्या फाईलची खूण काढावी आणि ती प्रसिद्ध केलेल्या खुणेशी ताडून पाहावी. दोन्ही जुळल्या तर प्रत शुद्ध आहे, असे निश्चित समजावे.

पाठ शुद्ध असावा ही चिंता मराठी माणसास नवी नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात लिहिल्या जात असताना तीत अनेक अपपाठ शिरले होते. तेव्हा एकनाथमहाराजांनी शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये अनेक प्रती ताडून पाहून तिचा पाठ शुद्ध केला, आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घुसडू नये अशी इच्छा व्यक्त केली. मुक्त प्रणालीत बदल करण्याची मोकळीक असते. परंतु तो बदल उघडपणे, आपल्या नावाने करावयाचा असतो. दुसऱ्याच्या नावाखाली गुपचूप घुसडलेला बदल तेथेही अपपाठच ठरतो, आणि तो पकडण्यासाठीच ही खूण असते.

तिसरी पायरी परीक्षेची. पेनड्राइव्ह यंत्रास जोडावा, ते सुरू करताच एफ-१२ हे बटण दाबावे, आणि पुढे येणाऱ्या यादीतून पेनड्राइव्हची निवड करावी. अन्य कंपन्यांच्या यंत्रांत हे बटण वेगळे असू शकते. डेबियनच्या ‘लाइव्ह’ नावाच्या प्रतीचा गुण असा की, ती डिस्कला हात न लावता केवळ स्मृतीमध्येच चालू होते. पाहुणा चार घटका ओसरीवर बसावा, त्याचे वागणे-बोलणे पाहावे, आणि मगच त्यास घरात घ्यावे, तशी ही सोय आहे. ह्या वेळी वायफाय जोडले जाते काय, आवाज येतो काय, कॅमेरा दिसतो काय, पडदा मिटल्यावर यंत्र झोपते व उघडल्यावर जागे होते काय, हे सर्व एकामागून एक पाहावे आणि कागदावर टिपून ठेवावे. वायफायच्या चिपला स्वतःचा एक छोटा कार्यक्रम लागतो आणि तो पुष्कळदा मुक्त नसतो. पूर्वी तो वेगळा मिळवावा लागत असे. २०२३ साली आलेल्या डेबियनच्या बाराव्या आवृत्तीपासून तो प्रतीबरोबरच दिला जातो.

साध्या लॅपटॉपची परीक्षा येथे संपते. पण पाटी होणाऱ्या संगणकाची खरी परीक्षा येथेच सुरू होते. लेखणी पडद्यावर टेकवावी आणि तिच्या टोकाखालीच ठिपका उमटतो की नाही, हे पाहावे. वॅकॉम कंपनीच्या लेखणीस ओळखणारा दुवा लिनक्सच्या गाभ्यातच असल्यामुळे एक्स-२२० टॅब्लेटसारख्या यंत्रावर ती बहुधा लगेच चालू लागते. मग पडदा आडवा टाकून चित्र उभे करावे. येथे एक गमतीचा घोटाळा होऊ शकतो. पडद्यावरील चित्र एक चतुर्थांश फेरा फिरते. पण लेखणीची पट्टी मात्र जागच्या जागीच असते. तिच्या लेखी ‘वर’ ही दिशा पूर्वीचीच राहते. त्यामुळे लेखणी वर नेली की ठिपका बाजूस पळतो, आणि उजवीकडे नेली की तो खाली उतरतो. चित्राला जेवढे फिरविले, तेवढेच लेखणीच्या मापनासही फिरविले पाहिजे, हा त्यावरील उपाय होय. ‘ग्नोम’सारख्या मांडणीच्या नव्या आवृत्त्यांत हे आपोआप घडते, काही साध्या मांडण्यांत मात्र एक आज्ञा पडद्याला आणि दुसरी लेखणीला अशा दोन आज्ञा द्याव्या लागतात. नव्या यंत्रांत गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखणारा संवेदक असतो, त्यामुळे यंत्र फिरविताच पडदाही फिरतो. जुन्या यंत्रांत हे काम बहुधा हातानेच करावे लागते.

भाचीने हे सर्व करून पाहिले. लेखणी चालली, वायफाय लागले. अंगठ्याचा ठसा ओळखणारे उपकरण तेवढे गप्प राहिले. त्यावाचून काही अडणार नाही, असे ठरले. आता चौथी आणि निर्णायक पायरी उरली. यंत्रास विजेची तार जोडलेली ठेवावी, कारण अर्ध्यावर बॅटरी संपली तर काम बिघडते. मग प्रतिष्ठापनेचा कार्यक्रम सुरू करावा. तो भाषा विचारतो, देश व वेळ विचारतो, कळफलकाची रचना विचारतो. ही उत्तरे चुकली तरी पुढे सुधारता येतात. परंतु त्यानंतर एक प्रश्न असा येतो की, ज्याचे उत्तर परत घेता येत नाही. जुनी प्रणाली ठेवून डिस्कच्या एका भागात नवी प्रणाली बसवावयाची, की संपूर्ण डिस्क पुसून टाकावयाची?

येथे भाचीचा हात थांबला.

“मामा, सगळं पुसायचं ना?”

“तुझ्या आजोबांचे फोटो ह्याच यंत्रात होते. ते उतरवून घेतलेस का?”

“घेतले. आईच्या डिस्कवर ठेवलेत.”

“उघडून पाहिलेस?”

भाची गप्प झाली. तिने काम तेथेच थांबविले, ती डिस्क दुसऱ्या संगणकास जोडली आणि फोटो उघडून पाहिले. एका पुडक्यातील फोटो उघडेनात. ते अर्धवटच उतरले होते. त्यांत आजोबांचे अखेरच्या दिवाळीचे फोटो होते. ती परत आली, लाइव्ह प्रणालीतूनच जुनी डिस्क उघडून तिने ते पुडके पुन्हा उतरविले, पुन्हा उघडून पाहिले, आणि मगच पुढचे बटण दाबले. मामाने तिला शाबासकी दिली नाही. पण त्या दहा मिनिटांच्या उशिरामुळे जे वाचले, ते कोणत्याही किमतीस परत मिळाले नसते.

डिस्क पुसल्यावर नवी प्रणाली तिच्यावर विराजमान होते. जुन्या यंत्रावरही ह्या कामास बहुधा तासाभराहून अधिक वेळ लागत नाही. मग पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू करावे, आणि प्रथम सर्व सुधारणा उतरवून घ्याव्यात. त्यानंतर उपयोगाचे कार्यक्रम घ्यावेत. डेबियनच्या कोठारात हजारो कार्यक्रम असतात, आणि ते तेथूनच घेणे सुरक्षित असते. वाटेवर कोणीही दिलेला लाडू खाऊ नये, हा नियम येथेही लागू आहे. ‘एक्सजर्नल++’ ह्या कार्यक्रमात रेघांच्या किंवा चौकटींच्या पानावर हाताने टिपणे काढता येतात, आणि पुस्तकाच्या पानावरही खुणा करता येतात. ‘क्रिता’ हा चित्रकारांसाठी आहे; त्याच्या नावाचा स्वीडिश भाषेत खडू असा अर्थ होतो. पाटीवर खडू आला, आणि भाचीच्या भूमितीच्या आकृत्याही पडद्यावर उतरू लागल्या.

मराठी लिहिण्यासाठी भारतीय भाषांकरिता प्रमाण ठरलेली ‘इनस्क्रिप्ट’ ही कळफलकाची रचना निवडता येते. देवनागरी अक्षरांसाठी ‘लोहित’ हा मुक्त टंक आहे. लोहित म्हणजे तांबडा. रेड हॅट ह्या कंपनीने तो मुक्त केला, म्हणून त्याचे नावही तांबडे. प्रणालीच्या पडद्यावरील आज्ञा मराठीतही पाहता येतात. त्यांचे भाषांतर पुष्कळ अंशी स्वयंसेवकांनी केलेले आहे. म्हणूनच काही ठिकाणी इंग्रजी शब्द तसेच राहिलेले दिसतात, तर काही ठिकाणी मराठी शब्द अवघड किंवा चुकीचा वाटतो.

मुक्त प्रणाली सर्वगुणसंपन्न आहे, असे मात्र मानण्याचे कारण नाही. काही नव्या यंत्रांचे कॅमेरे तिला ओळखता येत नाहीत, काही कंपन्या आपल्या उपकरणांची माहिती तिला देत नाहीत, आणि विंडोजसाठीच लिहिलेले काही कार्यक्रम तिच्यावर चालत नाहीत. अडचण आली तर तक्रार करून भागत नाही. थोडे वाचावे लागते, थोडे विचारावे लागते, आणि पुष्कळदा स्वतः करून पाहावे लागते. परंतु ह्या कष्टांतच तिची खरी शिकवण आहे. तयार वस्तू वापरणारा ग्राहक असतो. वस्तूचे अंतरंग जाणणारा आणि ती दुरुस्त करणारा तिचा धनी होतो.

भाचीस एके दिवशी पडद्यावर एक मराठी शब्द अशुद्ध लिहिलेला आढळला. पूर्वी तिने तो पाहून सोडून दिला असता. आता तिने शुद्ध शब्द लिहून भाषांतर करणाऱ्या मंडळींकडे पाठविला. तो स्वीकारला गेला, तर पुढच्या आवृत्तीत कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत जो कोणी ती प्रणाली मराठीत उघडील, त्याच्या पडद्यावर तो शुद्ध शब्द उमटेल. पूर्वीच्या पाटीवर लिहिलेले अक्षर लिहिणाऱ्यापुरतेच असे, आणि ओल्या फडक्याने ते पुसून जाई. ह्या पाटीवर काळजीपूर्वक लिहिलेले एक अक्षर अनेकांच्या उपयोगी पडू शकते. म्हणून ते शुद्ध असावे, आणि लिहिण्यापूर्वी ते एकदा नीट पाहून घ्यावे.